बाई आणि निळी नळी

भोगी, जानेवारी १९७४. वेळ दुपारच्या जेवणाची. स्थळ: सोलापूर, घरमालकांच्या अंगणातली मधली खोली.

हजर: बाई. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, खोली त्यांचीच. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाहुण्या. घरमालक अप्पा. त्यांच्या पत्नी अक्का. आणि मी, त्याच शाळेत गृहशास्त्र, नोकरीचं पहिलं वर्ष, बाईंच्या खोलीतली दुसरी भाडेकरीण.

गैरहजर: अप्पांच्या डाव्या पायातली चप्पल.

कुठलीही गोष्ट हजेरीपासून सुरू केली म्हणजे मला ती नीट लागते. शेवटच्या नोंदीकडे नंतर येते. आधी बाई.

बाई उंच होत्या. इरकल नेसायच्या, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधायच्या आणि बाराही महिने छत्री बाळगायच्या. सोलापुरात छत्री उन्हासाठी असते, पण बाईंची छत्री बहुतेक वेळ मिटलेलीच असायची. तिच्या वाकड्या मुठीने त्या रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या खाली ओढायच्या. शेवगा, कडुनिंब, चिंच, काय हाताला लागेल ते. एक पान तोडायच्या, दोन बोटांत चुरगाळायच्या, हुंगायच्या आणि सरळ तोंडात टाकायच्या. चावताना डोळे बारीक व्हायचे. मग निकाल. "तुरट. पण आळशी आहे. पाणी जास्त मिळालंय ह्याला." पुढे चालू.

माणसांना त्या नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. गणिताच्या शिक्षिका 'गणित', चित्रकलेच्या 'रंग', शिवणाच्या 'सुई'. मी 'गृहशास्त्र'. आणि अप्पांचं मंगळवार बाजारात धान्याचं दुकान होतं, म्हणून अप्पा 'ज्वारी'. आधी अप्पा रागावले, मग स्वतःच दारातून हाक द्यायला लागले, "ज्वारी आलीया, आत येऊ का?"

बाईंचं एक म्हणणं होतं. ते त्या सातवीच्या वर्गालाही सांगत आणि भाजीवालीलाही. "झाडाला पळता येतं का? नाही. शेळी आली, कीड आली, ऊन आलं, तरी ते जागेवरच. मग ते काय करतं? रागावतं. त्याचा राग पानात उतरतो, सालीत उतरतो, बीत उतरतो. कडू, तुरट, तिखट, उग्र, हे सगळे झाडाचे राग. आणि माणसाने काय केलं? राग सोलून टाकला, भिजवून टाकला, मीठ लावून पिळून टाकला, आणि मऊ गोडं तेवढं खाल्लं. मग अंगात साखर नाचणार नाही तर काय होणार?"

"आजीबाईचा बटवा उघडला बाईंनी," असं कुणी म्हटलं की मात्र त्या संतापायच्या. "बटवा नाही. रसायन आहे ते. पानात कारखाना आहे. मला आजीबाई म्हणू नका, माझ्याकडे परीक्षानळ्या आहेत."

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत डबे उघडायची आम्हाला चोरी होती. बाई मागून यायच्या, खांद्यावरून वाकून बघायच्या. भात आणि बटाट्याची भाजी दिसली की, "पांढऱ्यावर पांढरं! गणित, शून्य." मेथी, करडई, अंबाडी दिसली तर दहापैकी सात. कारलं असलं तर आठ. पण लगेच चौकशी. "मीठ लावून पिळलंस?"

"पिळलं हो बाई. मुलं खात नाहीत नाहीतर."

"मग तीन. पाच गुण मोरीत गेले."

मी गृहशास्त्राची. मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, की पालेभाजी निवडावी, धुवावी, चिरावी. फळभाजीची साल पातळ काढावी. पहिल्याच आठवड्यात मी खोलीत दोडक्याच्या शिरा काढून टाकत होते, तर बाईंनी माझ्या हातातलं ताट ओढून घेतलं. त्या शिरा तव्यावर तीळ आणि लाल मिरची घालून परतल्या, पाट्यावर वाटल्या आणि मला भाकरीशी दिल्या. चांगली झाली होती चटणी. मी तसं म्हणाले. बाई म्हणाल्या, "मग लिहून ठेव. तू सगळं लिहितेस ना? धोब्याचे कपडे लिहितेस, दूध लिहितेस. हेही लिही. सालीला नाव ठेवायचं नाही."

तेव्हापासून माझ्या यादीवहीत एक पान 'टाकू नये' असं आहे. आजही चालू आहे. शेवटची भर: कोबीचा दांडा.

मी जूनमध्ये रुजू झाले तेव्हा दुष्काळ सरत आला होता, पण रेशनवर अजून परदेशी मिलो मिळत होती. लाल, बारीक ज्वारी. तिची भाकरी तांबूस काळी व्हायची, थापताना चिरायची आणि घशाखाली उतरताना खरवडायची. सोलापुरी माणसाला मालदांडीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीची सवय. रेशनच्या रांगेत बायका मिलोला अशा शिव्या घालत, की ती बिचारी बोटीने परत गेली असती. "तिकडं डुकरं खात्यात म्हणं ही," असं जो तो एकमेकाला सांगायचा.

बाई त्या रांगेत आनंदाने उभ्या असायच्या. आपल्या वाट्याची पांढरी ज्वारी शेजारणीला देऊन तिची लाल मिलो घ्यायच्या. शेजारीण आधी संशयाने बघायची, मग पटकन पिशवी पुढे करायची. बाईंचा विचार बदलायच्या आत. बाई दाणा दाताखाली धरून मला म्हणायच्या, "गृहशास्त्र, लाल रंग उगीच येतो का? तुरट द्रव्य आहे ह्यात. पोटात सावकाश विरघळणार. मालदांडी सुंदर आहे ग, पण ही रागीट आहे."

तीच भाकरी मीही खाल्ली. रागीट होती, एवढं खरं.

आता रविवार. रविवारी सकाळी बाई खिडकीखालच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरायच्या आणि शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेतून विकत घेतलेला लाकडी स्टँड मांडायच्या. स्टँडला परीक्षानळ्या, बाजूला स्पिरिटचा दिवा, पितळी चिमटा आणि निळ्या द्रावणाची बाटली. गल्लीतली ज्यांना साखरेची शंका होती अशी माणसं आपापली बाटली घेऊन यायची. त्या काळी घरच्या घरी साखर बघायची तीच रीत होती. नळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी, तसतशी जास्त. आणि विटकरी झालं तर बाई नळी खाली ठेवायच्या, चष्मा काढायच्या आणि म्हणायच्या, "आज डॉक्टरकडे."

बाटल्यांचा मात्र जाच होता. कुणी खोबरेल तेलाची बाटली न धुता आणायचं, कुणी औषधाची. एकदा एका काकूंनी लोणच्याची बरणी आणली. बाई बरणीकडे बघत राहिल्या. "काकू, एवढी?"

"कमी पडायला नगं म्हणून."

धुण्याचं, चिठ्ठ्या चिकटवण्याचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला बिनचिठ्ठीची बाटली बघवत नाही.

नळी निळी राहिली की बाईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. त्या घरात कन्नड बोलत वाढलेल्या, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. शाळेत शुद्ध मराठी, पण फार आनंद झाला की कन्नड बाहेर यायचं. नळी उजेडात धरून त्या म्हणायच्या, "छलो आयतु! बघ, छलो आयतु." छान झालं. एवढंच. पण असं म्हणायच्या, जणू समोरच्याने त्यांना काही दिलं आहे.

ह्या चेहऱ्यामुळेच पुढचं सगळं झालं.

अप्पा जाडजूड, हसरे, पोटावर हात ठेवून बोलणारे. दुकानात गूळही ठेवायचे, आणि गिऱ्हाइकाला चव दाखवताना आधी स्वतः खडा तोंडात टाकायचे. साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गोड बंद सांगितलं. अक्कांनी घाबरून बाईंना विचारलं, आणि बाईंनी अप्पांना ताब्यात घेतलं. गोळ्या बंद करा असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. चालू आहेत ना, असंही कधी विचारलं नाही. तेवढी जागा मोकळी राहिली.

बाकी सगळं पक्कं होतं. सकाळी भिजवलेल्या मेथ्या. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, गव्हाची पोळी नाही. न पिळलेलं कारलं. जांभळाच्या बियांची पूड. ताटात एक पाला हवाच. अप्पा मेथ्या चावताना असं तोंड करायचे, की अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या.

"हसू नकोस ग. तू खाऊन बघ की."

"मला न्हाय साखर. मी कशाला खाऊ?"

"माझ्या जोडीला."

"सात जन्म जोडी हाय तेवढी पुरं की!"

पहिले काही रविवार अप्पांची नळी हिरवी, पिवळसर. मग दिवाळीच्या आधी एकदा हिरवट निळी. आणि एके रविवारी निळी. बाई उडाल्याच. नळी घेऊन अंगणात गेल्या, उन्हात धरली, अक्कांना दाखवली, मला दाखवली, शेजारच्या पिटलूममधून, म्हणजे खड्ड्यातल्या हातमागावरून, उठून बाहेर आलेल्या तेलुगू विणकराला दाखवली. "छलो आयतु, ज्वारी! छलो आयतु!" अप्पा उंबऱ्यात उभे राहून बघत होते. लाजल्यासारखे हसत होते.

त्यानंतर दर रविवारी अप्पांची नळी निळी.

बाईंच्या मनात तेव्हा एक जागा होती. शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, मोडक्या बाकांचा ढीग पडलेला असायचा. तिथे भाजीचे वाफे करायचे. करडई, चाकवत, अंबाडी, शेवगा. सांडपाण्यावर वाढणारं सगळं. मधल्या सुट्टीत ज्या मुलींच्या डब्यात नुसती भाकरी आणि शेंगाचटणी असते त्यांना रोज मूठभर पाला शिजवून द्यायचा. मोठ्या बाईंनी अर्ज दोनदा परत केला होता. "शाळेत भाजी कसली पिकवता? परीक्षेचं बघा." पण अप्पांची निळी नळी ऐकून त्यांना कुतूहल वाटलं. त्यांच्या सासऱ्यांना साखर होती. "मला एकदा दाखवा," त्या म्हणाल्या.

बाईंनी त्यांना भोगीच्या जेवणालाच बोलावलं. भोगी त्या वर्षी रविवारीच आली होती, म्हणून बाईंनी अप्पांना सकाळी बाटली द्यायला सांगून ठेवलं. "तुमच्यावर वाफे अवलंबून आहेत, ज्वारी."

"काळजी करू नगा की बाई. निळीच येनार."

तर भोगी. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या मी थापत होते. बाईंनी खेंगट केलं होतं, भोगीची मिसळीची भाजी: वांगी, गाजर, पावटा, घेवडा, सोलाणे, ओल्या शेंगा, बोरं, आणि वरून मूठभर चाकवत. वांग्याचे देठसुद्धा होते. वर लोण्याचा गोळा. मोठ्या बाई पाटावर बसून खोली न्याहाळत होत्या. अप्पा आले ते एका पायात चप्पल घालून. डाव्या पायाला धोतराचं फडकं गुंडाळलेलं.

"काय झालं पायाला?" मी विचारलं.

"नवी चप्पल चावली. गड्ड्याच्या जत्रंत जायाचं म्हणून घेतली. काय न्हाय."

बाटलीवर माझी चिठ्ठी होती, 'अप्पा'. बाईंनी नळी धरली, दिवा पेटवला. द्रावण उकळलं. निळं. निळंच राहिलं. बाईंनी नळी मोठ्या बाईंच्या पुढे धरली. मोठ्या बाई मान हलवत म्हणाल्या, "आहे बुवा."

"जेवून घेऊ," बाई म्हणाल्या. "मग वाफ्यांचं बोलू." आणि हात धुवायला त्या अप्पांच्या बाजूच्या मोरीकडे गेल्या, कारण आमच्या मोरीत भांडी पडली होती.

बऱ्याच वेळाने परत आल्या. हात कोरडेच होते.

"अक्का," त्या म्हणाल्या, "तुमच्या मोरीत मुंग्या आहेत."

अक्कांच्या हातातला लोण्याचा चमचा थांबला. "थंडीच्या येत्यात."

"कोपऱ्यात. रात्री अप्पा बसतात तिथं. ओळ लागली आहे भिंतीपासून." बाईंचा आवाज वर्गात प्रयोग सांगताना असतो तसा सपाट होता. "साखर नसेल तर मुंग्या कशाला येतील?"

अक्का अप्पांकडे बघत होत्या आणि अप्पा ताटाकडे.

बाईंनी स्टँडवरची दुसरी नळी घेतली. एक स्वच्छ बाटली घेतली. अप्पांच्या हातात दिली. "ज्वारी, आत्ता. मी दाराबाहेर उभी आहे."

"बाई, जेवण झाल्यावर..."

"आत्ता."

अप्पा लंगडत गेले. लंगडत आले. मोठ्या बाईंनी तोंडावर पदर घेतला होता. त्यांना उठून जायचं होतं आणि बघायचंही होतं. दिव्यावर नळी धरल्यावर निळं पहिल्यांदा गढूळ झालं, मग हिरवं. बाईंनी नळी हलवली. पिवळं. मग बाहेरच्या भिंतीच्या विटांसारखं, गाळ बसणारं विटकरी.

बाईंनी नळी स्टँडमध्ये निळ्या नळीशेजारी ठेवली. एक निळी, एक विटकरी.

"आणि ही निळी कुणाची?"

"माझी," अक्का म्हणाल्या. लगेच, ठसक्यात, भांडायच्या तयारीने. "मीच दिली की. ह्यांनी मागितली, मी दिली. काय चोरी केली का?"

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं," अप्पा म्हणाले.

"का?"

अप्पांनी पोटावर हात ठेवला, मग काढला. "तुमी पयल्यांदा ती नळी घिऊन अंगणात पळालासा न्हवं का, तवा तुमचं तोंड बगितलं मी. पुढच्या येळंला घरातच वाटाया लागलं मला, हिरवी येनार. आदल्या दिवशी लगीन जेवलो हुतो. म्हनलं, बाईंचं तोंड उतरनार. कशाला? म्हणून हिची दिली. मग पुन्यांदा दिली."

"आणि गोळ्या?"

"गोळी..." अप्पा थांबले. "गोळी सोडली."

"कशासाठी?"

"नळी निळी येत हुती की, बाई."

अक्कांनाही हे माहीत नव्हतं. त्या ओरडल्याच, "अवो, ती माझी हुती की! माझी!"

"व्हय. तुझीच." अप्पा खरोखर गोंधळलेले दिसले, जणू आत्ताच त्यांच्याही लक्षात येत होतं. "पन दर रविवारी बाई म्हणायच्या, निळी हाय, छलो आयतु. ती निळी बगून मलाबी वाटाया लागलं, आपलं बरं हाय."

बाई खाली बसल्या आणि अप्पांच्या पायाचं फडकं सोडायला लागल्या. अप्पा म्हणत होते, बेडा, बेडा, बाई, नका. फडकं सुटलं. वास आधी आला. करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. मला भाकरीची परात बाजूला करावी लागली.

बाई उठल्या आणि मोठ्या बाईंकडे वळल्या. "ही निळी नळी खोटी आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला जे दाखवलं ते सिद्ध झालेलं नाही. वाफ्यांचा अर्ज मी मागे घेते." मग मला, "गृहशास्त्र, टांगा."

खेंगट तसंच राहिलं. सात रस्त्याच्या चौकापर्यंत मी धावत गेले, टांगा आणला. दवाखान्यात बाईंनी अप्पांचा हात सोडला नाही. मात्र सगळा वेळ त्या त्यांना रागावत होत्या, आणि अप्पा "व्हय बाई, व्हय बाई" म्हणत होते. बोट गेलं. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर निळी नळी बघत बसला असता तर पायाचं सांगता आलं नसतं.

अप्पांना इन्शुलिन सुरू झालं. काचेची सिरिंज रोज उकळायची, सुई उकळायची. अक्का सुई बघूनच मागे सरायच्या, म्हणून टोचायचं काम बाईंनी घेतलं. शाळेच्या आधी, इरकलचा पदर खोचून. अप्पांना भीती वाटायची. बाई म्हणायच्या, "मेथ्या चावलात ना? मग ह्याला काय घाबरता. हाही रागच आहे, पण डॉक्टरांचा."

रविवारच्या नळ्या चालू राहिल्या, नियम बदलले. बाटली घरून आणायची नाही, तिथंच द्यायची. आणि चिमटा हातात घेण्याआधी बाईंचा पहिला प्रश्न: "गोळी घेतली?" नाही म्हटलं तर नळी नाही. भाकरी, पाला, कारलं ह्यांच्यावरचा त्यांचा लोभ कमी झाला नाही. डॉक्टरांनीही सांगितलं, हे खाणं चांगलं आहे, सोडू नका, फक्त औषधाच्या जागी धरू नका. पण पूर्वीसारखं 'कडूला साखर घाबरते', 'साखर पळते' असं बोलणं बाईंनी बंद केलं. कुणी त्यांच्यासमोर तसं म्हटलं तर त्या म्हणायच्या, "माहीत नाही."

बाईंच्या तोंडी 'माहीत नाही' हे आम्हाला नवीन होतं.

मोठ्या बाईंनी मार्चमध्ये शाळेमागची जागा दिली. अर्ज मागे घेतला असूनही. म्हणाल्या, "ज्या बाई स्वतःची नळी खोटी म्हणतात त्यांना भाजी पेरायला काय हरकत आहे? पण ते दिवे, त्या नळ्या शाळेत आणायच्या नाहीत. माझ्या भोगीच्या जेवणाचं झालं ते पुरे." पहिल्या हिवाळ्यात करडई आली. मुली नाकं मुरडून खायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन यायच्या. बाई प्रत्येकीच्या वाटीत वाढताना विचारायच्या, "कडू लागली? शाबास."

त्या वर्षानंतर एकदा, अंगणात अंबाडी निवडत असताना, बाई मला म्हणाल्या, "मी इतक्या जणांना इतकं खाऊ घातलं. आणि खरं काय ते मला कळलंच नाही. अप्पांच्या आधीचे हिरवे-निळे रंग तरी कुणाचे होते कोण जाणे. एक माणूस पाहिजे होता. गोळी चुकवायची नाही, जेवण बदलायचं, आणि बाटली खरी द्यायची. काही महिने. बस."

"मिळेल की कुणीतरी."

"कोण? लोक माझं तोंड बघतात." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कपडे, दूध, किराणा, टाकू नये, असं सगळं लिहिणारी मी. "त्याला तू योग्य माणूस होतीस. तू खरं लिहिलं असतंस, मला वाईट वाटलं तरी. तुला साखर झाली असती तर फार बरं झालं असतं."

"बाई!"

"म्हणजे देव न करो. पण झालीच तर."

आम्ही दोघी इतक्या हसलो की अंबाडी सांडली.

नंतरचं थोडक्यात. माझं लग्न झालं, मी गावातल्या गावात दुसऱ्या पेठेत गेले. अप्पा एक बोट कमी घेऊन पुष्कळ वर्षं दुकानात बसले. गुळाची ढेप मात्र गिऱ्हाइकानेच फोडायची असा नियम झाला. मग अप्पा गेले, त्यांच्या पाठोपाठ अक्का गेल्या. बाई निवृत्त होऊन भावाच्या गावी राहायला गेल्या. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मला वाळवलेली पानं पाठवायच्या, कागदाच्या पुडीत, वर चव लिहून: 'तुरट, गर्विष्ठ'. 'कडू पण मनाने चांगली'. त्या गेल्यावर त्यांच्या भाचीने तो स्पिरिटचा दिवा आणि लाकडी स्टँड माझ्याकडे पोचवला. नळ्यांची भोकं काळी पडलेली, एका कडेला माझ्याच अक्षरातली फाटकी चिठ्ठी, 'अप्पा'.

मागच्या वर्षी मला साखर निघाली.

डॉक्टरांनी गोळी दिली. ती मी चुकवत नाही. कपाटाच्या दारावर तारखा आहेत, रोज खूण करते. मुलाने बोटाला टोचून आकडा दाखवणारं यंत्र आणून दिलं. आकडा दिसतो. पण आकड्याला रंग नाही, म्हणून मी शाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून निळ्या द्रावणाची बाटली आणली. दोन परीक्षानळ्या आणल्या. दिवा होताच. यादी केली: गोळी, वेळेवर. ज्वारी, रोज दोन्ही वेळा. मेथ्या. पाला. कारलं, न पिळता. दोडका, शिरांसकट. रविवार सकाळ, नळी. रंग लिहिणे, जो येईल तो.

सगळं सामान आलं आहे. खाणंही सुरू केलं आहे, करडई काल झाली. फक्त रविवार सरतात आणि नळी राहून जाते. स्टँड मांडते, वर्तमानपत्र अंथरते, दिव्यात स्पिरिट घालते. मग मला बाईंचं तोंड दिसतं आणि उंबऱ्यात लाजून हसणारे अप्पा दिसतात, आणि वाटतं, आजचा दिवस जाऊ दे, आठवडाभर आणखी नीट खाते, म्हणजे निळी येईल.

आज भोगी आहे. खेंगट झालं, देठांसकट. भाकऱ्या झाल्या. गोळी घेतली. बाटली खिडकीत आहे, उन्हात खूप निळी दिसते. तिचं बूच काढायचं राहिलं आहे.